होडीवरचा छोटा कॉम्प्युटर आणि लिथियम बॅटरी

नाखवा मंडळी, आपली पोरं हल्ली रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर होडीवर लावतात, जाळं कुठं टाकलं त्याची नोंद ठेवायला. चांगलंच आहे. पण बॅटरी जोडताना घाई नको. दर्यात आग लागली तर पळायला जागा नाही.

भरलेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्ट देतो, उतरत ३ वर येतो. पाय ४ ला मात्र सतत ५ व्होल्ट लागतात. म्हणून मध्ये ३ अँपिअर झेपणारा बूस्ट कन्व्हर्टर हवा. सेलला बीएमएस सर्किट आणि प्लस वायरवर बॅटरीजवळच फ्यूज लावा.

हिशोब सोपा आहे. ३००० एमएएचचा एक सेल म्हणजे साधारण ११ वॅट-तास. कॉम्प्युटर ४ वॅट खात असेल तर कन्व्हर्टरमधली घट धरून जेमतेम अडीच तास. रात्रभराच्या खेपेला जास्त सेल लागतील.

डबा खाऱ्या पाण्यापासून आणि इंजिनच्या उष्णतेपासून लांब ठेवा. फुगलेला सेल पुन्हा चार्ज करू नका. आधी शटडाउन, मगच वीज बंद; नाहीतर मेमरी कार्डवरची नोंद जाऊ शकते. चार्जिंग किनाऱ्यावरच, माणूस समोर असताना करा. शंका असेल तर जोडण्याआधी सोसायटीत घेऊन या, मिळून बघू.