दम फुफ्फुसाला, घाम रक्तवाहिन्यांना!

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीवरून गेलात की पहिली सलामी नाक देतं. आऽऽक छी! पण धूर-धुळीचा हिशेब नाकापाशी संपत नाही, तो फुफ्फुसातून थेट रक्तवाहिन्यांत उतरतो. चला, एक फेरी मारू!

माहीत आहे का? हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फेकतं. मेंदू, मूत्रपिंडं, हातपाय यांना त्यातला वाटा. फुफ्फुसांना मात्र शंभर टक्के!

सीमाभागाला सीमा कोण शिकवणार? तरी ही बघाच. फुफ्फुसातली हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. निपाणीजवळच्या कोगनोळीसारखा टोलनाका नाही, ऑक्सिजन सुसाट पार!

आता खरी गंमत. ऑक्सिजन घटला की शरीरातल्या बाकीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, फुफ्फुसातल्या उलट आकसतात. हुशारीच ती! जिथे हवा नाही तिथे रक्त कशाला धाडायचं? पण सीओपीडी या श्वासनलिका अरुंद करणाऱ्या जुनाट आजारात जागोजागी हवेची टंचाई. मग आकसणं वाढतं, फुफ्फुसातलं प्रेशर चढतं, हृदयाची उजवी बाजू दमते आणि घोट्यांवर सूज येते. दुखणं छातीत, चप्पल घट्ट पायात! अशी सूज दिसली तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवाच.

फुफ्फुसाबाहेरच्या धमन्याही यातून सुटत नाहीत. बीपीचा पट्टा हाताला पाच मिनिटं आवळून सोडला की रक्त उसळतं आणि तरतरीत धमनी रुंदावते. सोनोग्राफीत हे मोजता येतं. सीओपीडीच्या पेशंटची धमनी सहसा कमी रुंदावते. रुंदावण्याचा निरोप देणारा वायू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. हा वायू निरोप्या आहे, या शोधाला 1998 चं नोबेल!

आता या आजारामागच्या धुराकडे वळू. विडीत तंबाखू चिमूटभर, म्हणून ती हलकी? छे! तेंदूपानातून हवा फारशी शिरत नाही, विझू नये म्हणून झुरक्यावर झुरका. कार्बन मोनॉक्साइड भरपूर.

आणि न ओढणाऱ्यांचं काय? मांडीवर सूप घेऊन विडी वळणारी, संध्याकाळी चुलीपुढे बसणारी बाई आठवा. पीटर बार्न्स आणि पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की जगातल्या सीओपीडी पेशंटपैकी अंदाजे 25 ते 45 टक्के लोकांनी कधी धूम्रपान केलेलंच नसतं! निपाणीच्या तंबाखू कामगार बाया 1982 मध्ये ‘युगांतर’ गटाच्या माहितीपटात झळकल्या होत्या. त्यांच्या छातीचा एक्स-रे आणि हृदयाचा इकोही तितक्याच अगत्याने व्हायला हवा.

धक्कादायक! सीओपीडीच्या पेशंटची धाप एकदम बळावली तर पुढच्या पाच दिवसांत हार्ट अटॅकचा धोका दुपटीच्या वर जातो, असं ब्रिटनमधल्या अभ्यासात 2010 मध्ये दिसलं. म्हणजे खोकला थांबला तरी छातीतल्या कळेकडे लक्ष हवंच.

आणि ही खुशखबर: शेवटची विडी विझवल्यावर साधारण 20 मिनिटांत नाडीची धावपळ उतरू लागते. निपाणीहून सुटलेली एसटी कोल्हापूरला पोचायच्या आत!