भरल्या ताटासमोरची उपासमार

ज्या समाजाच्या आज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन लेकरे जगवली, त्या समाजात कोणी भरल्या ताटावरून उपाशी उठते ही गोष्ट सहजासहजी पटत नाही. 'खायला मिळते म्हणून नखरे सुचतात' असे म्हणून घरातली वडीलधारी माणसे विषय संपवतात. पण नखरा आणि आजार यांत फरक आहे, आणि तो वेळीच ओळखला नाही तर जीव जातो. खाण्याच्या विकारांवर, म्हणजेच ईटिंग डिसऑर्डरवर, आपल्या वस्तीत, विहारात आणि वसतिगृहात उघडपणे बोलले गेले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

या विकारांचे मुख्य प्रकार तीन. वजन वाढेल या भीतीने खाणेच तोडत नेणे हा पहिला. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये त्याला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. खूप खाऊन नंतर मुद्दाम उलटी करणे किंवा जुलाबाची औषधे घेणे हा दुसरा. डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन 'बुलिमिया नर्व्होसा' या नावाने केले. ताबा सुटल्यासारखे खात सुटणे आणि मग शरमेने जळत राहणे हा तिसरा. त्याला स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी मानसोपचार तज्ज्ञांच्या ग्रंथात २०१३ मध्ये स्थान मिळाले. हे विकार मुलींना होतात तसे मुलांनाही होतात, आणि वरून अंगापिंडाने धडधाकट दिसणाऱ्यालाही होऊ शकतात. मानसिक आजारांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या आजारांमध्ये अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते. सतत उलट्या करणाऱ्याच्या रक्तातले पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हे नखरे नव्हेत.

'हा श्रीमंतांच्या पोरींचा आजार' हाही गैरसमज आहे. अमेरिकेतील सॅन अँटोनिओ शहरात अन्नवाटप केंद्रांवर येणाऱ्या गरिबांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी अन्नाची टंचाई सर्वांत जास्त, त्यांच्यातच ताबा सुटून खाण्याचे प्रमाणही जास्त आढळले. कारण उघड आहे. आज मिळाले, उद्या मिळेल की नाही, या अवस्थेत माणूस मिळेल तेव्हा भरून घेतो.

आता नाशिककडे पाहा. पेठ, सुरगाणा, येवला, चांदवड येथून शिकायला आलेली आपली मुले-मुली खोली करून किंवा वसतिगृहात राहतात. सकाळी चहा-खारी, दिवसभर क्लास, संध्याकाळी वडापाव, रात्री खानावळीचे जे मिळेल ते. स्वाधारची रक्कम उशिरा आली की खानावळही बंद. त्यात मोबाइलवर दिवसरात्र सडपातळ, गोऱ्या देहांची मिरवणूक. स्थळ पाहायला आलेले लोक मुलीच्या अंगावरून बोलून जातात ते वेगळेच. आणि एक शरम खास आपल्या वाट्याची. घरून आलेली सुकट-बोंबलाची चटणी चारचौघांत उघडायची की नाही, हा प्रश्न आपल्या लेकरांना पडतो, इतरांना पडत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आपल्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. ज्या अन्नाने पिढ्या जगवल्या त्याचीच लाज वाटावी, अशी व्यवस्था इथे कोणी उभी केली? डबा लपवणाऱ्या प्रत्येकाला आजार होतो असे नाही. पण जेवणाभोवती शरम साचली की आजाराला वाट मिळते.

उपासमार मनाचे काय करते, याचा पुरावा १९४४-४५ मधील मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगातून मिळाला. युद्धावर जायला नकार देणाऱ्या ३६ निरोगी तरुणांना स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. ते चिडचिडे आणि उदास झाले, एकलकोंडे झाले, पाककृती गोळा करू लागले, ताटे चाटू लागले. पुढे भरपूर अन्न मिळाले तरी अनेकांना किती तरी दिवस पोट भरल्याचे कळेना. म्हणजे अन्नाचा ध्यास आणि ताबा सुटणे ही चारित्र्याची कमजोरी नसून उपाशी शरीराची हाक आहे. म्हणूनच 'मनावर ताबा ठेव' हा उपदेश रुग्णाच्या कामाचा नाही. त्याला नियमित जेवण हवे असते.

हे नियमित जेवण परत कसे बसवायचे? बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर खाऊ घालू नये. रक्तातले फॉस्फरस झपाट्याने घसरून जीवावर बेतते. पोषण पुनर्वसन केंद्रात अतिकुपोषित बालकाला आधी सौम्य दूध देतात आणि मग हळूहळू ताकद वाढवतात, ते याचसाठी. तेव्हा पहिली पायरी डॉक्टरांची, रक्ततपासणीची. पुढे घड्याळ लावून तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. भूक लागो न लागो, वेळ झाली की खायचे, कारण या आजारात भुकेची खूणच बिघडलेली असते. खंड पडला नाही की रात्री ताबा सुटण्याचा जोरही ओसरतो. कोणताही पदार्थ 'पापाचा' ठरवायचा नाही. जो धास्तीचा वाटतो तोच थोडा-थोडा करून ताटात परत आणायचा. महागड्या पावडरी लागत नाहीत. बाजरीची किंवा नागलीची भाकरी, मटकीची उसळ, अंडे, सुकट, भात-वरण, शेंगदाणे, केळे, हे आपल्याच घरात असते.

या कामात घर औषधासारखे उपयोगी पडते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत आईबापांना दोषी न धरता त्यांच्याच हाती मुलाच्या जेवणाची जबाबदारी देतात. सोबत बसून जेवा. जेवणानंतर तासभर गप्पा मारत बसा, म्हणजे उलटी करायला जाण्याची ओढ टळते. रोज वजन करू नका. आणि 'आता कशी भरलीस, छान दिसतेस' असे चुकूनही म्हणू नका. तुम्ही कौतुक करता, तिला 'जाड झालीस' असे ऐकू येते. बरे होण्याला महिने लागतात, कधी वर्षे. मध्येच पाऊल मागे पडले तर सारे वाया गेले असे समजू नये. दुसऱ्या जेवणापासून पुन्हा सुरुवात करावी.

आपल्या परंपरेत याला आधार शोधावा लागत नाही. उरुवेलेत सिद्धार्थाने देह झिजवून पाहिला आणि त्यातून काही साधत नाही हे कळताच सुजाताने दिलेले अन्न स्वीकारले. त्याने खायला सुरुवात केली म्हणून पाच सोबती त्याला सोडून गेले. बरे होऊ पाहणाऱ्यांना टोमणे मारणारे आजही असतात. सिद्धार्थाने त्यांच्यासाठी घास खाली ठेवला नाही. दुसरीकडे, अति जेवून धापा टाकणाऱ्या प्रसेनजित राजाला भगवंतांनी उपास सांगितला नाही. भगवंतांनी सांगितलेली गाथा राजाच्या जेवणाच्या वेळी सुदर्शन नावाचा तरुण म्हणत असे, आणि राजाचा आहार क्रमाक्रमाने प्रमाणात आला. वर्षावासात उपोसथ पाळणाऱ्या आमच्या भगिनींनीही एक ध्यानात घ्यावे. विनयात आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ अवेळीही घेण्याची मुभा आहे. आजारी मुलीला दुपारनंतर उपाशी ठेवणे हे शीलपालन नव्हे.

'बाबासाहेब लंडनला अर्धपोटी राहून शिकले' हे वाक्यही आपण मुलांच्या तोंडावर फेकतो. ते खरे आहे. पण ते उपाशी राहिले पैसा नव्हता म्हणून. त्यांनी उपासमारीला आदर्श मानले असते तर बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह कशाला काढले असते?

आता कायद्याचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजार कोणता, हे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मानकांवर ठरवायचे असे तो सांगतो, आणि खाण्याचे विकार त्या मानकांत आहेत. कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तो मोफत मिळाला पाहिजे, मग हातात कार्ड असो वा नसो. 'कार्ड आणा, मग पाहू' म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा. कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचे आहे. कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवली पाहिजे, त्यामुळे 'लग्न मोडेल' या भीतीने उपचार टाळण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही मोफत सेवा आहे. तिथे मराठीत बोलता येते.

आमच्या मागण्या साध्या आहेत. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या प्रत्येक वसतिगृहात गृहपालांना या आजाराची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे. ताट न भरणे, जेवताच न्हाणीघरात जाणे, पाळी बंद होणे, सतत थंडी वाजणे या खुणा त्यांना कळल्या पाहिजेत. स्वाधारची रक्कम महिन्याच्या महिन्याला मिळावी, कारण जेवणाची वेळ अनुदानाची वाट पाहत नाही. आणि १९९८ पासून ज्या नाशकात महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभे आहे, त्या जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकत्र बसतील असा आठवड्यातून एक तरी बाह्यरुग्ण विभाग सुरू व्हावा.

सरकार करील तेव्हा करील. तोवर येत्या रविवारी वंदनेनंतर महिला मंडळांनी या विषयावर अर्धा तास बोलावे. ज्या घरात एखादे लेकरू ताटावरून लवकर उठत असेल, त्या घराला एवढे तरी कळेल की हा आजार आहे, तो बरा होतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.