घरची अमरी – लेखांक ४ : आधी मुळं बघा

मागच्या आठवड्यात फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम आणि व्हँडा यांची ओळख झाली. बाजारातल्या या ऑर्किडांचे पूर्वज बहुतांशी झाडांच्या अंगावर वाढणारे. आपल्याकडे कोकणात जुन्या झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी फुलते, ती याच रीतीनं जगते. ती बांडगूळ नव्हे. झाडाकडून फक्त आधार घेते, अन्न स्वतःचं स्वतः करते. आषाढात दिवसचे दिवस धो धो पावसात भिजूनही तिची मुळं सडत नाहीत, आणि आपण कपभर पाणी घातलेलं ऑर्किड मात्र कुंडीत कुजतं. असं का, हे कळलं की निम्मं काम झालं.

खोडावर पाणी साचत नाही. सर ओसरली की वारा मुळं सुकवतो. या मुळांवर मृत पेशींचं जाड, सच्छिद्र आवरण असतं. त्याला वेलामेन म्हणतात. ते पाणी चटकन शोषून घेतं. कोरडं मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. त्यावर पाणी टाकून बघा, बघता बघता ते हिरवं होतं, कारण भिजलेल्या आवरणातून आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. पाणी कधी घालायचं, हे हा रंगच सांगतो. त्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी फार सोयीची. ‘आठवड्यातून दोनदा’ असले ठरीव नियम मला पटत नाहीत. मुंबईचा जुलै आणि नागपूरचा एप्रिल यांना एक नियम लागू कसा पडेल?

घोटाळा होतो तो पानांमुळे. पानं सुरकुतली की आपण पाणी वाढवतो. पण पुष्कळदा मुळं आधीच कुजलेली असतात. त्यांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं सुकतात. आणि वाढवलेल्या पाण्यानं उरलीसुरली मुळंही जातात. असं रोप उपसून एक मूळ चिमटीत धरा. निरोगी मूळ टणक लागतं. कुजलेल्याची साल बोटांबरोबर सरकून येते आणि मागे नुसता दोरा उरतो.

कुजलेली मुळं निर्जंतुक केलेल्या कात्रीनं कापून टाका. नर्सरीतून रोपाबरोबर आलेलं गच्च दाबलेलं मॉस काढा. लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे भरा. नारळाच्या सोडणाचे तुकडे थोडेच, दमट हवेत ते फार वेळ ओले राहतात. माती अजिबात नको. पाणी सकाळी घाला आणि फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात ते साचू देऊ नका. नवीन मुळं फुटेपर्यंत खत देऊ नका.

पुढच्या आठवड्यात, फॅलेनॉप्सिस मुंबईत पुन्हा फुलायला का कुरकुरतं आणि डेंड्रोबियम का सहज फुलतं, ते पाहू. तोवर तुमच्या ऑर्किडला पुढचं पाणी घालण्याआधी त्याची मुळं एकदा नीट बघून घ्या.