जुनी पिकअप : ठेवायची की काढून टाकायची?



गेल्या महिनाभरात तीन जणांनी मला विचारलं, "अरे, चालती गाडी विकलीस का?" आणि चौथ्याने नेमकं उलटं विचारलं, "सतरा वर्षांची गाडी इतके दिवस ठेवलीस कशाला?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकदमच लिहून टाकतो. इथे दुबई-शारजात आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे एखादी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे, थंडी पडली की वाळवंटात आणि वाडीत न्यायला (इथली वाडी म्हणजे कोरडी नदी, आपली नारळाची नव्हे). त्यांना माझ्या चुका तरी उपयोगी पडतील.

गाडी २००८ सालची, जपानी, डबल केबिन, २.७ लिटर पेट्रोल. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे आणि थोडा माझा. २०१५ मध्ये सेकंडहँड घेतली तेव्हा १,६०,००० किलोमीटर झाले होते. जुलै २०२५ मध्ये ३,४२,००० झाले.

त्या जुलैतल्या एका शनिवारी आम्ही तिघं खोरफक्कानला निघालो होतो. २०१९ मध्ये सुरू झालेला शारजा-खोरफक्कान रस्ता तुम्हाला माहीत आहेच, डोंगर पोखरून काढलेले पाच बोगदे. चढ लागल्यावर टेंपरेचरचा काटा वर सरकला. मी एसी बंद केला, बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलीच्या खिडकीची काच खाली केली. दोन मिनिटांत काटा खाली आला. मला वाटलं, चला, निभावलं. पुढच्या एक्झिटपर्यंत म्हणजे अजून तीन किलोमीटर तशीच हाकली आणि तिथे गाडीने मान टाकली.

काटा खाली का आला हे मला नंतर कळलं. इंजिनिअरिंगची डिग्री असून आधी कळलं नाही, ही शरमेची गोष्ट. रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा असतो, पण त्याच्या दोन बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या. वर्षानुवर्षं तापून-निवून ते प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एक दिवस चिरतं. पाणी निघून गेलं की सेन्सर पाण्यात बुडालेला राहत नाही, मग तो जे सांगतो त्याला अर्थ नसतो. काटा खाली येणं म्हणजे इंजिन थंड होणं नव्हे, तर मोजायला पाणीच न उरणं! त्या तीन किलोमीटरनी हेड गॅस्केट जाळलं. नुसता रेडिएटर गेला असता तर हजाराच्या आत भागलं असतं.

रिकव्हरी यायला एक तास पस्तीस मिनिटं लागली. बाहेर पंचेचाळीस डिग्री. सावली म्हणजे एका साइनबोर्डची, तीही तिरकी. मुलगी चार वर्षांची. पाण्याच्या चार बाटल्या होत्या, त्यातल्या दोन मी शहाणपणाने रेडिएटरवर ओतल्या होत्या. बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी शारजाच्या सनैयात उस्तादांनी बॉनेट उघडलं, ऑइल कॅपच्या आतला पांढरा फेस बोटाने पुसून मला दाखवला आणि म्हणाले, "साब, गरम हुई थी तो उधर ही रुक जाते ना." हेड फेसिंग, गॅस्केट, रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज आणि मजुरी मिळून साडेपाच हजार दिरहॅम.

आता आपल्या जमातीची सवय. घरी आल्यावर लगेच स्प्रेडशीट उघडलं.

दुरुस्तीचा खर्च : २०२२ मध्ये २,९०० दिरहॅम, २०२३ मध्ये ४,६००, २०२४ मध्ये ६,८००, आणि २०२५ च्या सात महिन्यांत हे धरून ८,७००. चढता आलेख बघून कोणीही म्हणेल, विका. पण नव्याचा हिशेब मांडल्यावर चित्र उलटलं. तशाच नव्या गाडीची शोरूममध्ये किंमत सांगितली १,२०,०००. पाच वर्षांनी ती साठ हजारांना गेली असं धरलं तर वर्षाला १२,००० नुसते किमतीतून गेले. इथल्या सेंट्रल बँकेच्या नियमाने गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, म्हणजे ९६,०००. त्यावर अडीच टक्के फ्लॅट व्याज, वर्षाला २,४००. (फ्लॅट अडीच ऐकून खूश होऊ नका. मुद्दल फिटत जातं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर, त्यामुळे घटत्या शिलकीच्या हिशेबात तो दर पावणेपाचच्या आसपास जातो.) कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा ३,०००, सर्व्हिसिंग १,५००. एकूण १८,९००.

जुनीचं काय? पुढच्या वर्षी दुरुस्तीला ९,००० लागतील असं हात सैल सोडून धरलं, थर्ड पार्टी विमा १,१००, किमतीतली घट १,५००, जादा पेट्रोल १,१००. एकूण १२,७००. म्हणजे एवढा मोठा खर्च येऊनही जुनी गाडी वर्षाला ६,२०० दिरहॅमनी स्वस्त! "एवढे पैसे दुरुस्तीत घालण्यापेक्षा नवी घे" असं सांगणाऱ्या सर्वांनी हे गणित एकदा स्वतः करून बघावं.

शिवाय इथला एक प्रश्न भारतात नसतो. कर्ज पाच वर्षांचं, व्हिसा दोन वर्षांचा. नोकरी गेली तर मुल्कियावर बँकेचं नाव चढलेलं असतं, हप्ता फेडल्याशिवाय गाडी विकता येत नाही. २००९ मध्ये दुबई विमानतळाच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या सोडून गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. बातम्यांत मीठमसाला असेल, पण भीती खरी होती.

तर गणिताने कौल दिला : ठेवा. तरी मन मानेना. मग सांगलीला आण्णांना फोन लावला.

थोडं विषयांतर करतो. आमच्या आण्णांचा टाटा ४०७ होता. हे मॉडेल १९८६ मध्ये बाजारात आलं, आण्णांनी १९९४ मध्ये कर्ज काढून घेतलं. तासगावची द्राक्षं भरून वाशी मार्केटला जायचं, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे असा रात्रीचा प्रवास. पाटे तुटायचे, रिमोल्ड टायर फुटायचे, ते सगळं धंद्यात धरलेलंच. १९९८ च्या मार्चमध्ये एकदा खंबाटकीच्या घाटात गाडी उभी राहिली आणि माल दुसऱ्या दिवशी उशिरा पोचला. दुरुस्तीचं बिल किरकोळ होतं, पण द्राक्षाचा भाव पडला आणि ते बिल गॅरेजवाल्याने नव्हे, बागायतदाराने दाखवलं. पासिंगही दरवर्षी करावं लागायचं. २००३ मध्ये आण्णांनी तो ट्रक चालू स्थितीत विकला. सगळ्या गल्लीने वेड्यात काढलं. घेतला एका वीटभट्टीवाल्याने. भट्टी ते गाव, सहा-सात किलोमीटर. मी २०१० मध्ये इंजिनिअर होऊन घरी आलो तेव्हाही तो ट्रक विटा वाहत होता.

फोनवर आण्णांनी खर्चाचा एक आकडाही विचारला नाही. म्हणाले, "बिलाचं राहू दे. वाटेत किती वेळा उभी राहिली ते सांग."

हा रकाना माझ्या स्प्रेडशीटमध्ये नव्हता. आठवून भरला. २०२२ मध्ये एकदाही नाही. २०२३ मध्ये एकदा, २०२४ मध्ये दोनदा, २०२५ च्या सात महिन्यांत तीनदा. ऑफिसात दिवसभर सर्व्हर किती वेळ बंद होता याचे रिपोर्ट बनवणारा माणूस मी, आणि घरच्या गाडीचा मात्र फक्त खर्च मोजत होतो!

यात एक फरक करायला हवा. ब्रेक, बॅटरी, टायर, बुश हे झिजतात, आणि नव्या गाडीलाही लागतात. (टायर इथे पाच वर्षांहून जुना चालत नाही. टायरवरचे चार आकडे वाचा : २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.) त्या खर्चाची तारीख आधी कळते. पण रबर, प्लास्टिक, वायरिंग हे झिजत नाही, म्हातारं होतं. ते कधी आणि कुठल्या क्रमाने जाईल हे उस्तादही सांगू शकत नाहीत. माझ्या सहा थांब्यांपैकी पाच या दुसऱ्या प्रकारातले निघाले. एक होज बदलला की त्याच्या शेजारचा फुटायचा.

आणि अजून एक सापळा, ज्यात मी दोन वर्षं होतो. २०२४ मध्ये एसीचा कॉम्प्रेसर आणि सस्पेन्शन घातलं, मग "आत्ताच एवढा खर्च केलाय, आता कशी विकू?" प्रत्येक बिल पुढच्या बिलाचं कारण होत गेलं. गेलेले पैसे गेले. कॉम्प्रेसरला काय माहीत आपण त्याच्यावर किती खर्च केला ते.

मग करायचं काय? आण्णांच्या वीटभट्टीवाल्याने रस्ता दाखवला. माझी पिकअप शहरात अजून पाच वर्षं चालेल. जुलैच्या दुपारी चार वर्षांच्या मुलीला घेऊन डोंगरात जायला मात्र ती म्हातारी झाली. आधी दुरुस्त केली. कारण सोपं होतं : आहे तशी विकली तर आठ हजार, चालू करून विकली तर सतरापर्यंत, आणि दुरुस्ती साडेपाच. ठेवा नाहीतर विका, हा खर्च वसूल होणारच होता. शारजातल्या एका नर्सरीवाल्याला हवी होती, रोपं आणि मातीची पोती शहरातल्या शहरात पोचवायला. हेड उघडलं होतं हे सांगितलं, बिल हातात दिलं. साडेपंधरा हजारांना ठरलं. दीड हजार खरं बोलण्याचे गेले असं बायको म्हणते :-)

नवी घेतली नाही. चार वर्षं जुनी घेतली, ७४,००० ला, चाळीस हजार रोख आणि बाकीचं कर्ज दोनच वर्षांचं, व्हिसाच्या आत बसणारं. किमतीतली घट ७,०००, विमा २,२००, व्याज ९००, सर्व्हिसिंग-दुरुस्ती ३,०००, वर्षाला १३,१००. जुनीपेक्षा फक्त चारशे जास्त. हा तिसरा पर्याय मी आधी मांडलाच नव्हता, कारण "जुनी की नवी" असाच प्रश्न घेऊन बसलो होतो.

जुनी घेणाऱ्यांसाठी मात्र एक सूचना, जरा गंभीरपणे. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवतो ना? अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे २५४.८ मिलिमीटर, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. सीटच्या खालच्या रुळांवरचा गंज बघा, कार्पेट उचलून चिखलाची रेघ बघा, डॅशखालच्या कनेक्टरवर हिरवट थर आहे का बघा, आणि काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात बसून वास घ्या. मी बघितलेल्या पाचपैकी दोन गाड्या वासावरूनच सोडल्या. तसंच गल्फ स्पेकचीच घ्या. बाहेरून आणलेली अपघाताची गाडी स्वस्त दिसते, पण तिला कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा मिळवताना नाकी नऊ येतात.

ऑक्टोबरात खोरफक्कानला जाऊन आलो. पाचही बोगदे, काटा मध्यावर. तरी बायकोने पाण्याच्या बारा बाटल्या घेतल्या होत्या आणि त्या मागच्या सीटवर, माझ्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवल्या होत्या.

परवा नर्सरीवाल्याचा फोन आला. छातीत धस्स झालं. गाडी मस्त आहे म्हणाला, पण मागचं फाळकं बंद होत नाही. ते जरा वर उचलून मग आपटावं लागतं, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.