वायरी नीट, तर कट नीट

नागपूरहून हावडा लाइनने निघालं की गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ ला इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या विक्रांत युद्धनौकेच्या पोलादातही भिलाईच्या प्लेटा आहेत. अशा मुलखात कुणी घरामागच्या शेडमध्ये प्लेटा कापणारं सीएनसी प्लाझ्मा टेबल उभं करायचं ठरवलं, तर प्लेट, वेल्डर, फिटर सगळे हाकेच्या अंतरावर. काम अडतं ते वायरिंगपाशी. टेबलाचा सांगाडा आठवड्यात उभा राहतो. वायरी मात्र शेवटी, उरल्यासुरल्या जागेतून, घाईघाईने ओढल्या जातात. मशीन बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

ठिणगी इथे, घोटाळा तिथे

१८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये ठिणगीतून लहरी सोडल्या आणि दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू पेटवून दाखवली. मध्ये तार नव्हती. प्लाझ्मा टेबलावर हाच प्रकार नको असताना घडतो. बऱ्याच प्लाझ्मा कटरमध्ये आर्क सुरू करायला काही हजार व्होल्टची उच्च वारंवारतेची ठिणगी पाडतात. म्हणजे शेडमध्ये बसवलेला छोटा रेडिओ ट्रान्समीटरच. टेबलावर पसरलेली प्रत्येक लांब वायर त्याची अँटेना होते.

मग टॉर्च घेऊन धावणारी गँट्री टेबलाच्या मधोमध असते, लिमिट स्विचला कुणी हात लावलेला नसतो, तरी कंट्रोलर समजतो की टोक आलं. मशीन जागच्या जागी थांबतं आणि अर्धवट कापलेली प्लेट भंगारात जाते. लोक आधी स्विच बदलतात, मग कार्ड बदलतात, शेवटी सॉफ्टवेअरला दोष देतात. दोषी वायर टॉर्चच्या केबलला चिकटून तशीच पडलेली असते.

उपाय महागडे नाहीत. सिग्नलच्या वायरी टॉर्चच्या केबलपासून वीतभर तरी लांब ठेवायच्या. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. सेन्सर ५ व्होल्टऐवजी २४ व्होल्टचे घ्यायचे, म्हणजे विजेच्या किरकोळ गोंगाटाने सिग्नल डगमगत नाही. आणि लिमिट स्विच ‘नॉर्मली क्लोज्ड’ जोडायचा. त्यात सर्किट एरवी जोडलेलं असतं, त्यामुळे वायर मध्येच तुटली तरी मशीन लगेच थांबतं. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तुटलेली वायर गप्प राहिली तर गँट्री थेट टोकावर जाऊन आदळते. मशीन अजून घ्यायचं असेल तर हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे सरकून आर्क पेटणारा, ‘ब्लोबॅक’ पद्धतीचा कटर पाहावा. त्याचा गोंगाट खूपच कमी.

पिळाची करामत, १८८१ पासून

दोन वायरींना पीळ घालायची युक्ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची. पेटंट १८८१ चं. पिळामुळे प्रत्येक वायर आळीपाळीने गोंगाटाच्या जवळ येते आणि लांब जाते, दोघींवर सारखाच गोंगाट चढतो आणि फरक मोजणाऱ्या सर्किटला तो दिसतच नाही. घरी करायचं असेल तर वायरींची एका बाजूची टोकं शिकंज्यात, दुसऱ्या बाजूची ड्रिल मशीनच्या चकमध्ये. मिनिटभरात काम होतं.

कॉम्प्युटर आणि कंट्रोलर यांच्यामध्ये यूएसबीपेक्षा इथरनेट बरं, हे प्लाझ्मावाले अनुभवाने सांगतात. त्याला कारण आहे. इथरनेटच्या प्रत्येक सॉकेटमागे चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध नसतो. साध्या यूएसबीत तो असतो. लॅपटॉपच्या वायरवर दिसणारा तो गोल फुगवटाही गोंगाट गिळण्यासाठीच. त्यात फेराइट असतं. १९३० साली टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी शोधलेला हा पदार्थ आज बाजारात चापासारखा मिळतो; वायरवर नुसता दाबून बसवायचा.

उरलेली केबल गुंडाळू नका

१८२० मध्ये शास्त्रज्ञ ओर्स्टेडला दिसलं की वायरमधून वीज गेली की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते. घरगुती प्लाझ्मा कटरच्या टॉर्चमधून ४० ते ४५ अँपिअर वाहतात, म्हणजे सुई चांगलीच हलावी. टॉर्चची लांब केबल व्यवस्थित दिसावी म्हणून गोल वेटोळं करून खुंटीला अडकवली तर त्या वेटोळ्याचं कॉइल होतं आणि गोंगाट वाढतो. केबल जास्त असेल तर इंग्रजी आठाच्या आकारात ठेवावी, म्हणजे एका फेऱ्याचं चुंबकत्व दुसरा फेरा खोडतो. प्लेटला लावलेल्या क्लॅम्पची केबलही टॉर्चच्या केबलच्या जवळून न्यावी. जाणारा आणि परतणारा प्रवाह शेजारी शेजारी असले की दोघांचे परिणाम बरेचसे कटतात.

मीठ, कोळसा आणि मे महिना

टेबलाला स्वतःचं अर्थिंग हवं, जवळच्या जवळ. आपल्याकडे अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरण्याची जुनी रीत आहे. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ मातीतून वीज वाहणं सोपं करतं. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात माती तडकते, अर्थिंगचा रोध वाढतो, आणि पावसाळ्यात चाललेलं मशीन मेमध्ये रुसतं. खड्ड्यात रोज बादलीभर पाणी, एवढंच त्याचं औषध. टेबल, कंट्रोलरची पेटी, गँट्री यांच्या अर्थच्या वायरी एकाच ठिकाणी येऊन मिळाव्यात. एकीची दुसरीला, दुसरीची तिसरीला अशी माळ करू नये. शिल्डवाल्या सिग्नल केबलचं शिल्ड सहसा एकाच टोकाला, कंट्रोलरच्या बाजूला, अर्थ करायचं. दोन्ही टोकांना केलं तर शिल्डमधूनच नको तो प्रवाह फिरायला लागतो.

१२०० मिलिमीटरला किती चेन?

वायरी घेऊन सरपटणारी ती प्लॅस्टिकची ड्रॅग चेन मुळात पोलादाची होती. जर्मनीत १९५३ मध्ये गिल्बर्ट वानिंगर यांनी ती शोधली. गंमत तिच्या लांबीत आहे. गँट्री १२०० मिलिमीटर धावत असेल तर चेन किती घ्यावी? बहुतेक जण दीड मीटर सांगतात. चेनचं अचल टोक धावेच्या मधोमध बसवलं तर अर्धी धाव, म्हणजे ६०० मिलिमीटर, अधिक वळणापुरती लांबी लागते. वळणाची त्रिज्या १०० मिलिमीटर असेल तर वळणाला साधारण ३१४. एक-दोन कड्या जास्त धरल्या तरी मीटरभरात भागतं. वळणाचं टोकही गँट्रीच्या निम्म्याच वेगाने सरकतं. एकदा लक्ष देऊन पाहा.

चेनच्या आत वायरी केबल टायने आवळू नयेत. त्यांना आत सरकायला जागा हवी. बांधायचं ते चेनच्या दोन्ही तोंडांशी. सतत हलणाऱ्या केबलला तिच्या जाडीच्या साधारण दहापट त्रिज्येचं वळण द्यावं, म्हणजे ८ मिलिमीटरच्या केबलला ८० मिलिमीटर. आणि केबल बारीक तारांचीच हवी. घराच्या भिंतीत घालायची एकसंध तांब्याची वायर इथे वापरली तर वाकून वाकून आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. असा दोष शोधणं फार जिकिरीचं.

नवी केबल चेनमध्ये घालण्याआधी गुंडाळी उलगडून रात्रभर जमिनीवर सरळ पसरून ठेवावी. फेऱ्याफेऱ्याने ओढून काढली तर तिचा पीळ चेनमध्ये शिरतो आणि महिन्याभरात केबल नागमोडी होते.

आवळायचं कशाने?

केबल टाय जन्मला विमानासाठी. बोइंगच्या कारखान्यात कामगार मेण लावलेल्या दोऱ्याने हजारो वायरी हाताने बांधत होते, बोटं सोलवटत होती. ते पाहून मॉरस लोगन यांनी पट्टी बनवली, पेटंटचा अर्ज १९५८ चा. दोरा मात्र संपलेला नाही. अंतराळयानांत वायरी आजही दोऱ्याने बांधतात. शेडमध्ये उन्हाची तिरीप येत असेल तर काळे टाय घ्या. पांढरा नायलॉन उन्हाने ठिसूळ होतो, काळ्यातली काजळी त्याला वाचवते. टॉर्चच्या केबलला टायपेक्षा वेल्क्रोची पट्टी चांगली, कारण टॉर्च वारंवार काढावी लागते.

प्लाझ्माची धूळ म्हणजे लोखंडाची बारीक भुकटी. ती कंट्रोलरच्या पेटीत शिरली तर कार्डावर शॉर्ट होऊ शकतो. म्हणून पेटीत शिरणाऱ्या प्रत्येक वायरीला ग्लँड लावावी. उंदीरही त्याने बाहेर राहतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, आणि वायरीचं आवरण त्याला आवडतं.

नंबर, नाव नव्हे

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराचं फेरूल चढवा आणि त्या नंबरांचा तक्ता पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. ‘एक्स मोटर’, ‘होम स्विच’ अशी नावं लिहिण्यापेक्षा नुसते आकडे चांगले. भिलाईचा कारखाना उभा राहिला तेव्हा देशभरातून माणसं इथे आली. दुरुस्तीला येणारा इलेक्ट्रिशियन छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, मल्याळी किंवा मराठी, कुणीही असू शकतो. १७ नंबरची वायर त्यातल्या प्रत्येकाला सापडते.