माझ्या ड्रॉवरमधली घोरपड

अप्रेझलच्या आदल्या आठवड्यात मावशीनं माझ्या हातात एक छोटी डबी ठेवली. आत शेंदूर, त्यात दोन हात जोडल्यासारखी दिसणारी काळपट, सुकलेली मुळी. ‘हत्थाजोडी आहे, डेस्कच्या ड्रॉवरमध्ये ठेव. बॉस तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही.’ बॉस कधीच माझ्या शब्दाच्या आत नव्हता, तो भाग वेगळा! पण मावशीचं मन कोण मोडणार? डबी ड्रॉवरमध्ये गेली, स्टेपलर आणि चहाच्या कुपन्सच्या शेजारी. दीड वर्ष तिथेच होती.

परवा लंच टाइमला नेटवर सहज ‘हत्थाजोडी’ टाईप केलं आणि डबा तसाच राहिला. बॉस, ती मुळी नाहीच! ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. तिला ते दोन असतात, म्हणून ते ‘जोडलेले हात’. २०१७ मध्येच संशोधकांनी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या या ‘दुर्मिळ मुळी’चा भांडाफोड केला होता. लॅबमध्ये तपासल्यावर घोरपडच निघाली. काही ठिकाणी तर चक्क प्लॅस्टिकच्या साच्यातला डुप्लिकेट माल!

म्हणजे तानाजीच्या यशवंतीची गोष्ट ऐकत मोठे झालेले आपण तिचा असला तुकडा ऑफिसात ठेवून इन्क्रिमेंट मागतोय.

पुढचा धक्का कायद्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. वर दंड. आणि वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती बेकायदा नाही हे तुम्हीच सिद्ध करायचं!

हे ऐकून आमच्या क्युबिकलमधला एक मित्र उखडला. ‘एका सरड्यासाठी सात वर्षं? आमच्या गावाला शेताच्या बांधावर हव्या तेवढ्या दिसतात.’ पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण विचार करा. विकणारा नेहमीच म्हणणार, ‘साहेब, मुळी आहे.’ घेणारा म्हणणार, ‘मला काय माहीत?’ मग पकडायचं कुणाला? पुराव्याचा भार ठेवणाऱ्यावर टाकला नसता, तर या धंद्यात कुणी सापडलाच नसता. आणि बांधावर दिसतात म्हणून काय झालं? मांसासाठी, सांधेदुखीच्या तेलासाठी, कातड्यासाठी आणि आता आपल्या प्रमोशनसाठी घोरपडी मारल्या जातात. एखादा प्राणी दिसेनासा झाल्यावर त्याला यादीत घालायचं, तर वाचवायला उरतं काय? बांधावरची घोरपड उंदीर खाते, किडे खाते, मेलेली जनावरंही साफ करते. शेतकऱ्याचं फुकटात काम करणारी बाई आहे ती.

माझं खरं टेन्शन वेगळंच होतं. मावशीच्या देवघरातही एक जोडी होती. रोज हळद-कुंकू. तिला सांगायचं कसं? आणि काय सांगायचं, कुठला अवयव म्हणून?

रविवारी गेलो. चहा झाला, पोहे झाले, मग एका दमात सांगून टाकलं. मावशी बराच वेळ देवघराकडे बघत बसली. मग एवढंच म्हणाली, ‘जिवंत जनावराचं असतं?’ मी मान हलवली. तिनं शेंदराचा हात पदराला न पुसता बेसिनवर जाऊन साबणानं धुतला. दोनदा.

सोमवारी सुट्टी टाकून आम्ही दोघं वनखात्याच्या ऑफिसात गेलो. माझी तर फाटली होती, आत घेतलं तर? साहेबांनी डब्या उघडून पाहिल्या, कागद पुढे ओढला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘कुणाकडून घेतल्या?’ मी मावशीकडे पाहिलं. ती पर्समध्ये हात घालून काहीतरी शोधत होती. मावशी आयुष्यात कधी पावती फेकत नाही, दूधवाल्याची सुद्धा. तिनं घडी उलगडून टेबलावर ठेवली. त्यावर दुकानाचं नाव, फोन नंबर आणि खाली निळ्या शाईत लिहिलं होतं : ‘जडीबुटी, २ नग.’