मणक्यातले स्क्रू आणि घरातली फाईल

"मणक्यात स्क्रू बसवले, आता चिंता मिटली!" ऑपरेशन झालेल्या माणसाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येते. वाचकहो, हे अर्धेच खरे आहे. मणके जोडण्याच्या ऑपरेशनमध्ये स्क्रू आणि सळया मणक्यांना नुसत्या धरून ठेवतात. खरा जोड हाडच घालते. त्याला सहा महिने ते वर्ष, कधी अधिकही काळ लागतो. हाड जुळलेच नाही, तर भार धातूवर पडत राहतो. मग स्क्रू सैल होतो, सळई मोडते.

म्हणून बिडी, तंबाखू, मिश्री बंद! निकोटीन हाड जुळू देत नाही. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवावी. नाहीतर जखमेत पू होण्याचा धोका वाढतो. ओझे कधी उचलायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे.

ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, थांबलेले दुखणे पुन्हा वाढले, तर लगेच दाखवावे. पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर त्याच तासाला मोठे हॉस्पिटल गाठावे. तिथे 'उद्या बघू' चालत नाही.

स्क्रू सैल झाला म्हणजे दुसरे ऑपरेशन ठरलेलेच, असे नाही. हाड जुळलेले असेल आणि त्रास नसेल, तर बहुधा देखरेख पुरते. संसर्ग लवकर कळला, तर जखम आतून धुऊन, काही आठवडे अँटिबायोटिक देऊन पुष्कळदा स्क्रू वाचवता येतात. हाड जुळलेले नसेल आणि दुखणे थांबत नसेल, तर मात्र नवे स्क्रू आणि हाडाचे तुकडे घालून पुन्हा ऑपरेशन करावे लागू शकते.

अशा वेळी नवे डॉक्टर विचारतात, "कोणत्या कंपनीचे स्क्रू? केवढे?" आणि घरात कागदच नसतो! डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, एक्सरे, बिल आणि स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर एका फाईलमध्ये ठेवा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे 72 तासांत द्यावी लागतात. पण ती जपण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे. तेव्हा आजच अर्ज करा आणि पोच घ्या. वस्तूच सदोष वाटली, तर डॉक्टरांना तशी नोंद कळवायला सांगा. अशा नोंदींसाठी 2015 पासून केंद्र सरकारची यंत्रणा आहे.

घरातल्या शिकत्या मुलामुलींनी ही फाईल आजच लावावी. दुखणे अंगावर काढणे हा शूरपणा नव्हे.